पाडव्याचं तेल

लग्नाला सहा वर्षं झालेला नवरा अचानक बायकोसमोर शर्ट काढेनासा झाला, तर बायकोनं काय समजायचं? जे समजायचं तेच मी समजले.

विश्वजीत म्हणजे आमचे हे. चारचौघांत अहो, खोलीत विश्वा. तासगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करायची, हा त्याचा धंदा. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि ह्याचं तंत्र बिघडलं. बाथरूमला आतून कडी. कपडे आत घेऊन जायचे आणि गळ्यापर्यंत बटणं लावूनच बाहेर यायचं. शर्टाच्या आत एक सोडून दोन बनियन. जवळ गेलं की हात आडवा. मला तेव्हा तिसरा महिना चालू होता. सकाळी उठलं की मोरीवर ओकाऱ्या, आणि हा गडी भिंतीकडं तोंड करून झोपलेला. म्हटलं, बाईच असणार. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर माझ्या देखरेखीखाली वीसेक बाया काम करतात. त्यांच्या नवऱ्यांच्या तऱ्हा ऐकून माझे कान किटलेत, त्यामुळं असल्या बाबतीत मी भोळी नाही.

एका रविवारी आत्या देवळात गेलेल्या बघून मी बाथरूमच्या दारावर थाप मारली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"उघड."

"आंघोळ करतोय."

"मग पाण्याचा आवाज कुठाय? दार तरी उघड, नाहीतर तिचं नाव तरी सांग."

कडी निघाली. विश्वा उभा होता, छातीभोवती टॉवेल गुंडाळून, आम्ही बायका गुंडाळतो तसा. माझ्या डोळ्याला डोळा न देता त्यानं तो खाली केला. दोन्ही बाजूंना, बोंडांच्या खाली, लिंबाएवढ्या गाठी वर आल्या होत्या. डावी जरा मोठी. ही चरबी नव्हे. विश्वा कसला काटकुळा, त्याच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. वयात येणाऱ्या पोरीची असते तशी ती छाती होती.

"कॅन्सर झालाय मला, तेजू," तो म्हणाला. "वाचलंय मी. पुरुषांनाही होतो. हात लागला तरी कळ येते. तू अशी पोटुशी, तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

बाई नाही ह्याचा आनंद मानावा की कॅन्सर म्हणतोय म्हणून हंबरडा फोडावा, मला कळेना. आधी मी त्याला चार शिव्या घातल्या, मग मिठी मारली, तेवढ्यात तो कळवळला. सोमवारी माझी तपासणी होतीच. म्हटलं, तूपण चल.

"बायकांच्या डॉक्टरकडं?"

"छातीचं दुखणं त्यांच्याइतकं कुणी बघितलंय? गुमान चल."

सांगलीच्या मुल्ला मॅडम चेष्टामस्करीतल्या बाई नाहीत. त्यांनी त्याला आडवं केलं, गाठी दाबून पाहिल्या, सोनोग्राफीचा दांडा फिरवला आणि म्हणाल्या, "कॅन्सर दिसत नाही. दुधाच्या ग्रंथी वाढल्यात. त्या पुरुषालाही असतात, फक्त झोपलेल्या. तुमच्या जाग्या झाल्यात. कुठलं औषध घेता?"

"कुठलंच नाही."

"नीट आठवा."

"खरंच नाही मॅडम."

माझं डोकं सणकलं. "आणि डोक्याला लावतोस ते काय आहे? बुक्का?"

इथं जरा मागचं सांगायला हवं. विश्वाचे केस तिशीतच मागं सरकायला लागले. त्याच्या बापाचं टक्कल, आज्याचं टक्कल, आणि ह्याला वाटायचं आपल्यावर ही वेळ यायची नाही. बागायतदार चेष्टा करायचे, "ड्रोन राहू द्या, तुमचं डोकंच उन्हात धरा, पाखरं पळतील." तो हसायचा आणि घरी आल्यावर आरशासमोर उभा राहायचा. मग 'रुजवण' आलं बाजारात. दोन वर्षांत निम्म्या तालुक्याच्या डोक्यावर रान उगवलं.

रुजवण म्हणजे औषध नव्हे, पेरणी. माणसाच्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू तसेही राहतात, आपल्या अंगाचं तेल खाऊन जगतात, कुणाला त्रास नाही. कंपनीनं त्यातलीच एक जात घेतली आणि तिच्या जनुकांत फेरफार केला. पुरुषाच्या अंगातलं जे मुख्य संप्रेरक, त्यातल्या थोड्याचं शरीर आणखी एक जहाल रूप तयार करतं. टाळूवर हे जहाल रूपच केसांची मुळं सुकवतं. ते तयार होऊ न देणाऱ्या गोळ्या फार वर्षांपासून आहेत, पण गोळी पोटातून सगळ्या अंगात जाते. कंपनी म्हणाली, आमचे जिवाणू तेच काम फक्त टाळूवर करतील. एकदा लावा, आठवड्याला त्यांना खुराक द्या. खुराकात एक खास स्निग्ध आम्ल. ते मिळालं नाही की जिवाणू मरणार, म्हणून डोकं सोडून ते कुठं जाणारच नाहीत. हे कुंपण कंपनीनं छातीठोकपणे घातलं होतं. खोक्यात एक जांभळा दिवापण यायचा. अंधारात डोक्यावर धरला की जिवाणू हिरवे चमकायचे आणि पेरणी सगळीकडं सारखी झालीय का ते दिसायचं.

विश्वानं पत्रक पाठ केलं होतं. जेल नको, कलप नको, अत्तर नको. सगळं पाळलं.

मुल्ला मॅडमनी खोक्यावरचा मजकूर मोबाइलवर काढून वाचला. मग चष्मा वर केला. "डोक्याला तेल लावता?"

"एरवी नाही. दिवाळीत लावलं तेवढंच."

"कुठलं?"

"खोबरेल. घरच्या घाण्याचं," मी म्हटलं. "नरकचतुर्दशीला आत्यांनी लावलं, पाडव्याला मी. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, मॅडम. डोक्यापासून पायापर्यंत. रीत आहे."

मॅडम उठल्या आणि मिरजेच्या एका हार्मोनच्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणं झाल्यावर परत येऊन बसल्या.

"त्या खुराकातलं जे खास आम्ल आहे ना," त्या म्हणाल्या, "ते खोबरेल तेलात भरभरून असतं. ज्या देशात चाचण्या झाल्या तिथं कोणी नारळाचं तेल अंगाला चोळत नाही. दिवा आहे का तुमच्याकडं?"

दिवा गाडीतच होता, ड्रोनच्या पेटीत. पडदे ओढले. विश्वा शर्ट काढून उभा राहिला, दोन्ही हात छातीवर. मॅडमनी ते हळूच बाजूला केले आणि दिवा लावला.

डोकं हिरवंगार. ते ठाऊक होतं. पण मान चमकत होती, खांदे चमकत होते, आणि छातीवर तर बोटांचे पट्टे दिसत होते. वरून खाली, वरून खाली. माझीच बोटं ती. पाडव्याच्या पहाटे मी किती लाडानं चोळलं होतं त्याला.

"म्हणजे हे सगळ्या अंगावर राहायला गेले," मॅडम म्हणाल्या, "आणि सगळ्या अंगातून औषध रक्तात चाललंय. पुरुषाच्या अंगातही थोडं बाईचं संप्रेरक असतंच. दोन्हींचा तोल असतो. एका पारड्यातलं काढलं की दुसरं खाली जातं."

विश्वा कोरड्या आवाजात म्हणाला, "जीए मारल्यासारखं." द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून घडाला जे संजीवक देतात, ते. "डोस चुकला की मणी राहतो बाजूला आणि देठच जाड होतो."

त्याला बरं वाटत होतं. कॅन्सर नव्हता ना. मलापण बरं वाटत होतं. पण मॅडमनी दिवा विझवला नव्हता.

"तुमचे हात पुढं करा," त्या मला म्हणाल्या.

मी केले. तळवे हिरवे. बोटांच्या बेचक्या हिरव्या. मनगटं, कोपर.

"पदर बाजूला घ्या."

दिवस गेल्याचं कळल्यापासून आत्या रोज माझ्या पोटाला आणि कमरेला तेल लावायच्या. सून त्यांची, नातवंड त्यांचं, कोण अडवणार? माझं अख्खं पोट त्या अंधारात हिरवं चमकत होतं. माझ्या तोंडून "अगं आई गं" एवढंच आलं.

मॅडमनी दिवे लावले.

"तेजस्विनी, नीट ऐका. पोटातलं मूल सुरुवातीला सगळ्यांचं सारखंच असतं. ह्याच आठवड्यांत पुढची घडण होते. मुलगी असेल तर ह्या औषधानं तिला काही होत नाही. मुलगा असेल तर त्याची बाहेरची इंद्रियं घडायला तेच जहाल संप्रेरक लागतं, जे हे जिवाणू बंद करतात. परिणाम किती होईल, होईल की नाही, मी सांगू शकत नाही. थोडा असेल तर ऑपरेशननं दुरुस्त होतो. जास्त असेल तर…" त्या थांबल्या. "आजपासून हे अंगावरून काढायचं. एकही दिवस घालवायचा नाही."

"मुलगा आहे की मुलगी?" विश्वानं विचारलं.

"आत्ता दिसत नाही. दिसेल तेव्हाही सांगणार नाही. कायदा आहे."

"मॅडम, लोक मुलगी नको म्हणून विचारतात. मी मुलगी असू दे म्हणून विचारतोय!"

"कायदा कारण विचारत नाही, विश्वजीत. आणि मीही विचारू नये, हेच बरं."

परतीच्या वाटेवर तो कवठे एकंदच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन थांबला. स्टिअरिंगवर दोन्ही हात. "तेजू, ठेवायचं का आपण? अजून वेळ आहे म्हणून म्हणतो. मुलगा असला आणि… जन्मभर त्याला माझ्यासारखं दार लावून…"

"तुझ्या टकलापायी?" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा उसाचा ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला. "चार केसांसाठी घरात इख पेरलंस, आणि आता माझं लेकरू उपटून टाकू? ते जसं येईल तसं माझं. पुन्हा हा शब्द काढलास तर माहेरी जाईन, आणि नेऊन सोडायलाही तुला सांगणार नाही."

तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण माझ्याच तळव्याची भीती वाटली, म्हणून मागं घेतला.

घरी आल्यावर देवळीतली तेलाची वाटी घेतली, खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा धरला. वाटीत हिरवं तळं झालेलं. पाडव्यापासून तीच वाटी. वरून तेल पडत होतं आणि सगळ्यांची बोटं तीत बुडत होती. आत्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या दोन्ही तळव्यांवर हिरवा उजेड पडला. उजेड कसला, ते हातच चमकत होते.

"हे काय गं?"

मी सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. आत्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि स्वतःचे हात असे लांब धरले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. "म्या लावलं," म्हणाल्या. "म्याच लावलं रोज. पोटाची कातडी फुटू नये म्हणून लावलं."

"तुम्हाला काय ठाऊक, आत्या."

"ठाऊक नसून केलं तरी केलंच की गं."

अंघोळीचं औषधी पाणी आणलं. अंथरुणं, टॉवेल, उशांचे अभ्रे उकळले, वाटी पुरली. कातडीवरचे जिवाणू मरत होते, पण डोक्यावरचे केसांच्या मुळाशी बसलेले. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, वस्तरा फिरवल्याशिवाय औषध आत पोचणार नाही. विश्वानं मान डोलावली. आत्या मात्र आडव्या आल्या.

"न्हाई! बायको पोटुशी असताना नवऱ्यानं डोस्कं भादरायचं न्हाई. बाप मेल्यावर भादरलं तेवढं पुरे. लेकराच्या जिवावर येतं ते."

"लेकराच्या जिवावर आधीच आलंय, आत्या," मी म्हटलं. "आता आणखी काय यायचं राहिलंय?"

मग त्याच उठल्या. अंगणात पाट मांडला, न्हाव्याला निरोप धाडला. तो आल्यावर त्याला म्हणाल्या, "तू वस्तरा चालव, डोस्कं मी धरते." आणि रबरी हातमोजे घालून त्यांनी लेकाचं डोकं धरलं. किती हौसेनं उगवलेले ते काळेभोर केस पाटाभोवती पडत गेले. विश्वानं एकदाही त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्या पोटाकडं बघत होता.

दोन आठवड्यांनी दिव्याखाली आम्ही तिघंही काळोखात काळोख. जिवाणू गेले. रक्तातला तोल हळूहळू परत आला. पण विश्वाच्या गाठी राहिल्या. मॅडम म्हणाल्या, ग्रंथी घट्ट झाली की ती आपोआप जात नाही, हवं तर पुढं ऑपरेशन करू. तो म्हणाला, "आधी बाळ."

आणि मग नुसती वाट बघणं. ह्यापेक्षा मार बरा. मोठ्या सोनोग्राफीत हृदय नीट, मणका नीट, आणि बाकीचं मॅडमच्या चेहऱ्यावर शोधायचं. त्यांचा चेहरा दगडाचा.

आत्यांनी आमच्या लग्नापासून गणपतीला नातू मागितला होता. आता रोज पायरीवर डोकं टेकून सांगायच्या, "देवा, मागचं समदं इसर. पोरगीच दे." गल्लीतल्या बायका चाट पडल्या. एकीनं माझ्यासमोर कौतुक केलं, "किती बदलली हो तुमची सासू!" मी ताडकन म्हटलं, "बदलल्यात कुठं? मुलगी हवी म्हणून नाही मागत त्या, मुलगा मोडका निघेल म्हणून मागतायत." आत्यांनी ऐकलं. दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच ताट वाढून नेलं. म्हणाल्या, "खरंच बोललीस. पर मला दुसरं मागाय येत न्हाई गं." मग आम्ही दोघी एका ताटात जेवलो.

विश्वा आणि मी मात्र बोलत नव्हतो. म्हणजे औषध घेतलं का, गाडी काढू का, एवढंच. तो बाहेरच्या खोलीत झोपायचा, उन्हाळ्याच्या काहिलीतही दोन बनियन घालून. माझा राग उतरला होता. पण त्याला तसं सांगायचं कसं, ते मला जमत नव्हतं, आणि तो तर स्वतःलाच तोंड दाखवत नव्हता.

मे महिन्यात, दिवस भरायच्या आधीच, पाणी गेलं. सांगलीला पोचेपर्यंत बाळाचे ठोके मंदावले होते. मॅडमनी लगेच ऑपरेशनला घेतलं. कमरेखाली बधिर, समोर हिरवा पडदा. तो रंग बघवेना, मी डोळे मिटून घेतले. मग रडणं ऐकू आलं. बारीक, पण चिडकं. माझ्यावर गेलेलं.

मुल्ला मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "मुलगा आहे. घाबरू नका, ऐका. सगळं आहे जागच्या जागी. लघवीचं भोक टोकाला असायला हवं, ते जरा खाली आहे. वर्षाचा झाला की एक छोटं ऑपरेशन. पुढं त्याला आठवणारही नाही. बाकी तपासण्या करू, पण मला काळजी वाटत नाही."

"नक्की?"

"नक्की. आता मी सांगू शकते."

मला बाजूच्या खोलीत आणून ठेवलं. आत्या आणि विश्वा तिथंच होते. आत्यांच्या हातात बर्फीचा पुडा. मुलीची म्हणून बर्फी आणून ठेवलेली बाईनं, इतका देवावर भरवसा. मॅडमनी त्यांना सगळं समजावलं. आत्या ऐकत राहिल्या आणि मग पुडा उघडून म्हणाल्या, "घ्या डॉक्टरीणबाई. माझा नातू हाय तो. कसाबी असला तरी माझाच." आणि पदरात तोंड घालून रडल्या.

तेवढ्यात नर्स बाळाला घेऊन आली, कपड्यात गुंडाळून. "वजन कमी आहे, अंग गार पडतंय. पेटीपेक्षा उघड्या छातीची ऊब चांगली. आईला आत्ता हलता येणार नाही. कोण घेतंय? कपड्यावरून नाही चालणार, कातडीला कातडी लागली पाहिजे."

"मी घेते की," आत्या पुढं झाल्या.

"मी घेतो," विश्वा म्हणाला.

खोलीत दोन नर्सा, दुसऱ्या खाटेवरची बाळंतीण, तिची आई, तिची नणंद. सगळ्या बायका. विश्वाचा हात गळ्याच्या बटणाशी गेला आणि थांबला. मी त्याच्याकडं बघत होते. मला ओरडून सांगायचं होतं, काढ रे, कुणी काही म्हणत नाही, आणि म्हणालं तर मी आहे.

त्यानं शर्ट काढला. मग एक बनियन. मग दुसरा. दुसऱ्या खाटेवरच्या नणंदेनं बघितलं आणि मान वळवली. मुल्ला मॅडमनी खिशातून तो जांभळा दिवा काढला. आमच्या अंगावरचे जिवाणू गेल्यापासून तो त्यांनीच ठेवून घेतला होता. खिडकीचा पडदा ओढून त्याच्या छातीवर धरला. काहीच चमकलं नाही. दोन गाठींच्या सावल्या तेवढ्या दिसल्या.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "बसा खुर्चीत."

नर्सनं बाळ त्याच्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. विश्वा श्वास रोखून बसला होता. टक्कल घामानं चमकत होतं, बापासारखं, आज्यासारखं. बाळाची कुरकुर हळूहळू थांबली. मग त्यानं मान हलवली, तोंड उघडलं, इकडं तिकडं चाचपलं आणि नेमकं त्या डाव्या गाठीवर येऊन थांबलं.

मला वाटलं, आता हा दचकून मागं होणार. गाठी आल्यापासून तिथं माझा हातसुद्धा त्यानं लागू दिला नव्हता. पण तो हलला नाही. उलट एक हात बाळाच्या डोक्यामागं धरला, पडू नये म्हणून.

"तेजू," तो म्हणाला. हसत होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. "अगं, हा दूध शोधतोय माझ्याकडं."

"शोधू दे," मी म्हटलं.